वाचक विचारतात : सैनिकाला निरोप देताना घंटा का वाजवतात?

मागच्या अंकात नौदलातल्या जुन्या चालीरीतींवर थोडं लिहिलं होतं, त्यात जहाजावरच्या घंटेचा आणि निरोपाच्या आठ टोल्यांचा अगदी ओझरता उल्लेख होता. त्या दोन ओळींवरच इतकी पत्रं आणि मेसेज आले की बाकीचे विषय बाजूला ठेवून हे पूर्ण सदर घंटेलाच दिलंय. बऱ्याच पत्रांत घरचं दुःख आहे, म्हणून कुणाचंच नाव छापत नाही, फक्त गाव दिलंय.

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही अमेरिकेत व्हर्जिनियात नॉरफोकजवळ राहतो. आमच्या शेजारचे आजोबा मागच्या महिन्यात गेले, ते तरुणपणी तिथल्या नेव्हीत होते. अंत्यसंस्काराला आम्ही सगळे गेलो होतो. झेंड्याची घडी घालून आजींच्या हातात दिली, बिगुल वाजला, ते सगळं सिनेमात बघितलेलं होतं, पण त्यानंतर एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी टेबलावरच्या पितळी घंटेला दोन-दोन करून आठ टोले दिले. तिथं सगळ्यांचे डोळे भरून आले. माझ्या मुलीने विचारलं, आठच का? मला काही सांगता आलं नाही. — नॉरफोक, व्हर्जिनिया

उत्तर : ताई, तुमच्या मुलीने अगदी बरोब्बर जागी बोट ठेवलंय, सगळं त्या आठमधेच आहे. जुन्या काळी जहाजावर घड्याळ नसायचं, अर्ध्या तासाचं वाळूचं घड्याळ असायचं. ते रिकामं झालं की एक पोऱ्या ते उलटं करायचा आणि घंटेला टोला द्यायचा, आपल्याकडे घटिकापात्र बुडालं की टोला पडायचा ना तसंच. जहाजावरची ड्यूटी चार-चार तासांची, तिला वॉच म्हणतात. वॉच सुरू होऊन अर्धा तास झाला की एक टोला, तासाला दोन, दीड तासाला तीन, असं वाढत वाढत चार तास पुरे झाले की आठ. म्हणजे रात्री १२ ला वॉचवर उभा राहिलेला माणूस साडेबाराला एक टोला ऐकतो, १ ला दोन आणि पहाटे ४ ला आठ. आठ पडले की खालून दुसरा माणूस जॅकेटची बटणं लावत वर येतो, समुद्र कसा आहे, आजूबाजूला कुठली जहाजं आहेत, कोर्स म्हणजे जहाजाची दिशा काय आहे हे सगळं विचारून घेतो, मग तुम्ही मोकळे. खाली जाऊन चहा प्या नाहीतर सरळ झोपा.

टोले जोडीने देतात. टण-टण, मधे थोडी जागा, परत टण-टण. चार जोड्या झाल्या की आठ. विषम आकडा असेल तर शेवटचा टोला एकटा पडतो. ज्याने आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं हे रात्रंदिवस ऐकलंय त्याला झोपेतसुद्धा कळतं किती वाजले ते. (संध्याकाळी ४ ते ८ मधे दोन-दोन तासांचे छोटे वॉच असतात, म्हणजे दिवसाचे वॉच सहाऐवजी सात होतात आणि रोज त्याच माणसाच्या वाट्याला तीच रात्र येत नाही. तिथं टोल्यांचा हिशोब थोडा वेगळा पडतो, पण तो सोडा.)

तर त्या आजोबांसाठी वाजले ते आठ टोले म्हणजे त्यांची ड्यूटी संपली. नेव्हीतली माणसं निरोप देताना म्हणतात की गड्या, तुझा वॉच संपला, आता वॉच आमच्याकडे. घंटा वाजवणारे ते गृहस्थ बहुतेक स्वतः पण नेव्हीतलेच असणार आणि म्हणूनच तिथले लोक हलले असतील, कारण ज्याने तसाच वॉच केलाय त्याने 'आता मी उभा आहे, तू जा' असं म्हणण्याला फार वजन असतं. तुमच्या मुलीला एवढं सांगितलंत तरी पुरे.

आणि एक सांगतो, हे आठ टोले तिथल्या सरकारी हक्कात बसत नाहीत. अमेरिकेत २००० सालापासून कायदा आहे की घरच्यांनी मागणी केली तर पात्र माजी सैनिकाच्या अंत्यसंस्काराला गणवेशातली किमान दोन माणसं यायलाच हवीत, त्यातला निदान एक जण तो ज्या दलात होता त्या दलाचा, झेंड्याची घडी घालून तो कुटुंबाला द्यायचा आणि 'टॅप्स' वाजवायचं. टॅप्स म्हणजे ती २४ सुरांची बिगुलाची धून, अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ साली जनरल डॅनियल बटरफिल्ड यांच्या छावणीत ती तयार झाली. कायद्याने मिळतं ते इतकंच. घंटा मात्र त्यांचे जुने सोबती, माजी सैनिकांच्या संघटना, स्वयंसेवक आपणहून वाजवतात. शासनाला ती वाजवावी लागत नाही आणि तरीही ती वाजते, मला तर या घंटेत सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

प्रश्न : इंग्लंडच्या राणीच्या अंत्यसंस्काराला पण घंटा वाजत होती, टीव्हीवर बघितलं. ती हीच प्रथा का? — पुणे

उत्तर : नाही, ती वेगळी. ती चर्चची घंटा. १९ सप्टेंबर २०२२ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीची सगळ्यात जड घंटा मिनिटाला एक अशी ९६ वेळा वाजली, राणीच्या वयाच्या प्रत्येक वर्षाला एक टोला. इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यात ही चाल फार जुनी आहे, गावात कुणी गेलं की शेतात काम करणारे लोक टोले मोजायचे आणि वयावरून ओळखायचे कोण गेलं असेल ते. आणखी एक रीत आहे, घंटेच्या लोलकाला एकाच बाजूने चामड्याची गादी बांधतात, त्यामुळे एक ठोका खणखणीत आणि त्याच्या पाठोपाठचा दबलेला, जणू लांबून आल्यासारखा. युद्धात गेलेल्यांसाठी नोव्हेंबरमधे जो स्मरणाचा रविवार पाळतात त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी अशाच घंटा वाजवतात. एकदा ऐकून बघा, पोटात कालवाकालव होते.

राणीचे यजमान प्रिन्स फिलिप यांच्या बाबतीत मात्र दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. ते खरोखरचे नौसैनिक. १९४१ च्या मॅटापानच्या लढाईत ते वॅलियंट जहाजावर होते, जपानने शरणागती पत्करली तेव्हा टोकियोच्या उपसागरात व्हेल्प जहाजावर होते. ९ एप्रिल २०२१ ला ते गेले त्या संध्याकाळी अ‍ॅबीची घंटा ९९ वेळा वाजली, ती झाली चर्चची. आणि अंत्यसंस्काराच्या वेळी रॉयल मरीन्सच्या बिगुलवाल्यांनी 'अ‍ॅक्शन स्टेशन्स' वाजवलं, म्हणजे लढाईच्या जागा घ्या हा जहाजावरचा इशारा. तेवढे दोन-चार क्षण का होईना तो माणूस परत आपल्या जहाजावर गेला.

प्रश्न : पाणबुडीवाल्यांचा असाच वेगळा कार्यक्रम असतो म्हणे? — मुंबई, कुलाबा

उत्तर : असतो. अमेरिकेत पाणबुड्यांवर काम केलेली माणसं दरवर्षी जमतात, मे महिन्यातला शेवटचा सोमवार म्हणजे मेमोरियल डे, त्याच्या आसपास बऱ्याच ठिकाणी होतो. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या ५२ पाणबुड्या गेल्या. एकेका पाणबुडीचं नाव वाचायचं आणि एक टोला. नाव, टोला, शांतता. परत नाव, टोला. मग पुढच्या काळातल्या थ्रेशर आणि स्कॉर्पियन. थ्रेशर १० एप्रिल १९६३ ला १२९ माणसांसकट गेली, स्कॉर्पियन मे १९६८ मधे ९९ जणांना घेऊन. यातल्या बहुतेकांना अंत्ययात्रा मिळालेलीच नाही हो, शव नाही, कबर नाही, कितीतरी घरांना महिनोन्‌महिने काही कळलंसुद्धा नाही की आपला माणूस नक्की कुठं बुडाला. ते लोक असं म्हणतच नाहीत की पाणबुडी बुडाली, म्हणतात अजून गस्तीवर आहे, ती गस्त कधी संपत नाही एवढंच. अशा माणसांसाठी वर्षातून एकदा पडणारा तो एक टोला म्हणजेच त्यांची अंत्ययात्रा. मला विचाराल तर घंटेची खरी गरज कुणाला असेल तर यांनाच.

तुम्ही कुलाब्याहून लिहिताय म्हणजे १४ ऑगस्ट २०१३ ची रात्र तुम्हाला आठवत असेलच, नेव्हल डॉकयार्डात सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाले आणि आपले १८ जण गेले. बंदरात उभी असताना, घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यांची नावं पण अशीच एकेक करून, घाई न करता वाचली जावीत असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : काका, माझे वडील आपल्या नौदलातून निवृत्त झालेले, ७१ च्या युद्धाच्या वेळी सर्व्हिसमधे होते. पुढच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध आहे. तुमचा लेख वाचून माझा भाऊ म्हणतोय की आपण त्यांच्यासाठी आठ टोले देऊया. आई म्हणते ही इंग्रजांची थेरं आपल्या घरात नकोत आणि शिवाय घरात सुतक असलं की आपण देवापुढची घंटासुद्धा वाजवत नाही मग गेलेल्या माणसासाठी घंटा कशी वाजवायची? दोघांचं बोलणं बंद आहे. काय करावं? — रत्नागिरी

उत्तर : आधी आईंचं बघू. त्या म्हणतात त्यात काही खोटं नाही, आपल्याकडे घंटा देवाची. देवळात शिरताना, आरतीला, घरातल्या पूजेला. सुतकात पूजाच बंद असते म्हणून ती घंटा मुकी. त्यामुळे देवघरातली घंटा उचलून त्यावर टोले देऊ नका, तिथं आई १०० टक्के बरोबर आहेत आणि तिथं त्यांचं मन मोडू नये. भटजींच्या विधीमधे पण हे घुसवू नका. श्राद्ध श्राद्धासारखं होऊ दे, पिंड, पान, कावळा, जे काय तुमच्या घरात चालत आलंय ते सगळं.

पण इंग्रजांची थेरं म्हणाल तर ते मला पटत नाही. आपल्या नौदलात ती घंटा इंग्रजांकडून आली हे खरंय, पण तुमच्या वडिलांनी ती त्यांच्याकडून उसनी घेतली नव्हती, ती त्यांच्या नोकरीची घंटा होती. भर पावसाळ्यात अरबी समुद्रावर मध्यरात्रीच्या वॉचला ते उभे राहिले असतील, ओकाऱ्या काढत, मीठ चिकटलेल्या कपड्यांत, तेव्हा हीच घंटा ऐकून त्यांनी किती वेळ उरला याचा हिशोब केला असेल. दर आठवड्याला कुणीतरी ती ब्रासो लावून चकचकीत करत असेल, तिच्या लोलकाला बांधलेली गाठींची जाडजूड विणलेली दोरी पांढरीशुभ्र ठेवत असेल, कदाचित नव्या भरतीत असताना तुमच्या वडिलांनीच ते काम केलं असेल. माझी स्वतःची नोकरी जहाजांवर गेली म्हणून सांगतो, सुट्टीवर घरी आलं की पहिले काही दिवस रात्री जाग यायची आणि कान टोल्याची वाट बघायचे. बायको विचारायची काय झालं, काय सांगणार. तेव्हा ही घंटा त्यांच्या कानात आयुष्यभर होती, ती त्यांचीच, आता त्यांच्यासाठी शेवटची वाजवली तर त्यात परकं काही नाही.

आणि ७१ म्हटलं की मला खुकरी आठवतेच. ९ डिसेंबर १९७१, दीवच्या समुद्रात आपलं खुकरी जहाज पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडालं, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत, त्यांना महावीर चक्र मिळालं. वडिलांच्या वयाच्या प्रत्येक नौसैनिकाच्या ओळखीचं कुणी ना कुणी त्या जहाजावर होतं. आईंना हळूच विचारा, ते कधी बोलायचे का त्याबद्दल, नाहीतर त्यांच्या ट्रंकेत काही फोटो आहेत का. मला वाटतं बंद पडलेलं बोलणं तिथून सुरू होईल, घंटेवरून होणार नाही.

मग आई हो म्हणाल्या तर असं करा. श्राद्धाच्या दिवशी नको, वेगळा दिवस धरा, संध्याकाळी, घरच्या अंगणात किंवा सरळ समुद्रावर जा, रत्नागिरीत त्याला तोटा नाही. पितळेची साधी घंटा आणा, जहाजाचीच पाहिजे असा काही नियम नाही. वाजवायला वडिलांचा एखादा जुना सोबती मिळतो का बघा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारलंत तर तुमच्या भागातल्या माजी नौसैनिकांचा पत्ता लागेल, कोकणात घराघरात आहेत ते. आधी वडिलांचं पूर्ण नाव, हुद्दा, सर्व्हिस नंबर आणि ते ज्या ज्या जहाजांवर होते त्यांची नावं मोठ्याने वाचायची. मग आठ टोले, जोडीजोडीने, घाई करायची नाही, एका जोडीचा आवाज पूर्ण विरू द्यायचा आणि मग पुढची जोडी. भाषणं नकोत, मागे ते व्हायोलिनचं रडकं म्युझिक तर अजिबात नको. झालं की सगळ्यांना चहा.

आई नाही म्हणाल्या तर नका करू. भावाला सांगा, त्यांचा नवरा होता तो, त्यांचा शब्द शेवटचा.

प्रश्न : आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार होते. त्यांच्यासाठी पण आठ टोले देता येतील का? — सातारा जिल्हा

उत्तर : देता येतील म्हणजे कुणी अडवणार नाही, पण देऊ नका असं मी सांगेन. आजोबांचा आणि जहाजावरच्या त्या घंटेचा संबंध काय? पायदळातल्या माणसाचं आयुष्य बिगुलावर चालतं. उठायचं बिगुलावर, जेवायचं बिगुलावर, दिवे मालवायचे बिगुलावर. म्हणून त्याला निरोप पण बिगुलानेच. आपल्याकडे लष्करी इतमामात जवान बंदुकीची नळी खाली करून मान झुकवून उभे राहतात, त्याला शोक शस्त्र म्हणतात, हवेत गोळ्यांच्या फैरी होतात, 'लास्ट पोस्ट' वाजतं, मग शांतता आणि नंतर 'राउझ', म्हणजे परत उठा. माणूस झोपला आणि बाकीच्यांनी उठून कामाला लागायचं. अर्थ बघायला गेलं तर जहाजावरच्या आठ टोल्यांचं तरी दुसरं काय आहे.

अमेरिकेच्या पायदळात आणखी एक रीत आहे, ती मला फार भिडते. पलटणीची हजेरी घेतात. हवालदार एकेक नाव पुकारतो, हजर, हजर. मग गेलेल्या जवानाचं नाव. उत्तर नाही. परत एकदा, थोडं मोठ्याने. उत्तर नाही. तिसऱ्यांदा पूर्ण नाव हुद्द्यासकट. कुणी हलत नाही आणि मग टॅप्स सुरू होतं. तुमच्या आजोबांच्या पुण्यतिथीला गावातले माजी सैनिक जमणार असतील तर त्यांची अशी हजेरी घ्या. साताऱ्याकडे माजी सैनिक जमवायला कष्ट पडत नाहीत. आणि शेवटी त्यांच्या रेजिमेंटची गर्जना, 'बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय', ती तर आजोबांच्या हक्काचीच आहे.

प्रश्न : आम्ही वसईचे ख्रिश्चन. आमच्याकडे कुणी वारलं की चर्चची घंटा वाजते. माझे सासरे नेव्हीत होते, त्यांच्या वेळी पण चर्चची घंटा वाजली. ती मिलिटरीची धरायची का? — वसई

उत्तर : नाही हो, ती गावाची. वसईत, गोव्यात चर्चची मयताची घंटा सगळ्यांसाठी सारखीच वाजते, शेतकरी असो की कप्तान. तिचं मोल तेच आहे. पण सासऱ्यांसाठी नेव्हीचे आठ टोले पण द्यायचे असतील तर फादरांशी बोलून मिस्सा झाल्यावर दफनभूमीत देता येतील का ते बघा.

आणि तुमच्या लोकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. ब्रिटिश, कॅनेडियन आणि अमेरिकन नौदलात अशी चाल आहे की जहाजावरच्या माणसाच्या बाळाचा बाप्तिस्मा जहाजाची घंटा उलटी करून, तिच्यात पाणी घेऊन करतात आणि मग त्या बाळाचं नाव घंटेच्या आतल्या बाजूला कोरतात. त्यामुळे जहाज भंगारात गेलं तरी घंटा सहसा भंगारात जाऊ देत नाहीत. ब्रिटनचं हूड जहाज २४ मे १९४१ ला जर्मनीच्या बिस्मार्कने बुडवलं, १,४१५ माणसं गेली, वाचले फक्त ३. त्याची घंटा समुद्राच्या तळातून २०१५ मधे वर काढली, आणि बुडाल्याला बरोबर ७५ वर्षं झाली त्या दिवशी, २४ मे २०१६ ला, पोर्ट्समथच्या म्युझियममधे राजकन्या अ‍ॅन यांच्या हस्ते तिच्यावर आठ टोले दिले. १,४१५ जणांचा वॉच ७५ वर्षं अर्धवट राहिला होता, तो त्या दिवशी संपला.

प्रश्न : वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर मोठी घंटा आहे, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाची म्हणतात. ती पण लढाईतल्या सैनिकांची आठवणच झाली ना? — वाई

उत्तर : आठवण आहेच, १७३९ ची वसईची मोहीम काही साधी नव्हती, किती मावळे त्या तटाखाली पडले. मोहिमेनंतर तिथल्या चर्चमधल्या घंटा आणून आपल्या देवळांत बांधल्या, तुमच्याकडे मेणवलीला, भीमाशंकरला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात. पण ती विजयाची खूण आहे, निरोपाची नाही, आणि तीच घंटा ज्या गावातून गेली त्या गावाला ती वेगळी ऐकू येते. वरचंच पत्र वसईहून आलंय बघा.

याच्यावरून फिलिपिन्समधल्या बालांगिगा गावाची गोष्ट सांगावीशी वाटते. २८ सप्टेंबर १९०१ ला तिथल्या गावकऱ्यांनी अमेरिकन तुकडीवर अचानक हल्ला केला, चर्चची घंटा वाजली तो इशारा होता असं म्हणतात, ४८ अमेरिकन सैनिक मेले. त्याचा सूड म्हणून अमेरिकन फौजेने अख्खं सामार बेट जाळून उद्ध्वस्त केलं, एका जनरलने तर दहा वर्षांवरच्या कुणालाही सोडू नका असा हुकूम दिला होता आणि त्यावरून त्याच्यावर लष्करी खटला चालला. जाताना त्यांनी चर्चच्या ३ घंटा उचलून नेल्या. २ घंटा वायोमिंगच्या हवाई तळावर ठेवल्या, एक हल्ला झालेल्या त्या तुकडीच्या रेजिमेंटबरोबर फिरत शेवटी दक्षिण कोरियात होती. वर्षानुवर्षं फिलिपिन्स मागत राहिलं, वायोमिंगमधले माजी सैनिक नाही म्हणत राहिले, ते म्हणायचे हे आमच्या ४८ जणांचं स्मारक आहे. दुसरे काही माजी सैनिक म्हणत होते की देऊन टाका, गावाची वस्तू गावाला. शेवटी डिसेंबर २०१८ मधे, ११७ वर्षांनी, तिन्ही घंटा बालांगिगाच्या चर्चमधे परत गेल्या.

मला नाही म्हणणाऱ्यांचं दुःख कळतं, खोटं नव्हतं ते. पण माझं मत देऊन टाका म्हणणाऱ्यांच्या बाजूने. मेलेल्या सोबत्यासाठी घंटा वाजवायची तर आपली वाजवावी. मेणवलीची घंटा कुणी परत मागितलेली माझ्या ऐकण्यात नाही, तिला तिथं कितीतरी पिढ्या झाल्या, ती आता घाटाचीच झालीय. फक्त पाहुण्यांना दाखवताना ती कुठून आली ते पण सांगत जा.

प्रश्न : घंटा वाजवणारं कुणी नसेल तर मोबाईलवरून स्पीकरला लावलं तर चालेल का? — डोंबिवली

उत्तर : चालेल, लाज वाटून घेऊ नका. अमेरिकेत तर बिगुल वाजवणारेच पुरत नाहीत म्हणून २००३ पासून बिगुलाच्या तोंडात बसणारं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र वापरतात, माणूस नुसता बिगुल ओठाला लावून उभा राहतो आणि धून आतून वाजते. तरी पण बिगुल फुंकायला तालीम लागते, घंटेचं तसं नाही. हातात दोरी धरून आठपर्यंत मोजता आलं की झालं, घरातली शाळकरी नात पण करू शकते. म्हणून जमेल तर हातानेच वाजवा.

प्रश्न : वडील माजी सैनिक होते. ते गेल्यावर आम्ही घरच्या घरी त्यांच्यावर तिरंगा घालू शकतो का? अमेरिकेत तर सगळे घालतात. — नागपूर

उत्तर : अमेरिकेत घालतात कारण तिथं माजी सैनिकाच्या शवपेटीसाठी सरकारच झेंडा देतं, पाच फूट बाय साडेनऊ फूट, आणि घरच्यांनी तो स्वतः अंथरला तरी चालतो. आपला कायदा वेगळा आहे. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा कायदा आणि ध्वजसंहिता दोन्ही सांगतात की तिरंगा पार्थिवावर घालायचा तो फक्त शासकीय इतमामात किंवा सैन्यदलं आणि निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्कारात. खाजगी अंत्ययात्रेत आपल्या मनाने घातला तर तो अवमान धरला जातो आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. भावनेच्या भरात हे कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम स्पष्ट लिहितोय.

तेव्हा माणूस गेल्या गेल्या आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि जवळच्या लष्करी स्टेशन हेडक्वार्टरला फोन करा, डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद हाताशी ठेवा. लष्कराकडून मानवंदना मिळणार असेल तर झेंडा तेच आणतील, केशरी पट्टा डोक्याकडे ठेवून तेच घालतील आणि चितेला अग्नी देण्याआधी काढून घडी घालून तुमच्या हातात देतील, कारण तिरंगा चितेवर जाळायचा नसतो की कबरीत उतरवायचा नसतो. त्यांना यायला जमलं नाही तर वडिलांची पदकं एका उशीवर मांडून पुढे ठेवा आणि त्यांची कॅप. त्याला कुठलाच कायदा आड येत नाही.